भाव कोणी ठरवायचा? कोल्हापूरची समृद्धी आणि तिची वाटणी

एखाद्या प्रदेशाचे उत्पन्न वाढले म्हणजे तेथील माणसांचेही उत्पन्न वाढले, असे गृहीत धरण्याची सवय सरकारी अहवालांना आणि त्यांच्यामागोमाग सर्वसामान्य वाचकांनाही लागलेली आहे. दरडोई उत्पन्न, म्हणजे प्रदेशाच्या एकूण उत्पन्नाला लोकसंख्येने भागल्यावर येणारी सरासरी, हा आकडा वाढीचा वेग दाखवतो. पण वाढलेले उत्पन्न कोणाच्या पदरात पडले, याबद्दल तो मुका राहतो. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये असे मत मांडले होते की, शेतीप्रधान देश उद्योगांकडे वळू लागला की सुरुवातीला विषमता वाढते, परंतु पुढे बहुसंख्य माणसे उद्योगांत सामावली गेल्यावर ती आपोआप ओसरू लागते. विकसनशील देशांतील अनेक पिढ्यांच्या धोरणकर्त्यांना या मतानेच धीर दिला. भारताचा अलीकडचा अनुभव मात्र या धीराला दुजोरा देत नाही. ‘वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब’ या संस्थेशी संबंधित अभ्यासकांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, स्वातंत्र्यानंतर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत घटत गेलेला सर्वांत श्रीमंत १ टक्का लोकांचा वाटा पुढे सतत वाढत जाऊन २०२२-२३ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या २२.६ टक्क्यांवर आणि संपत्तीच्या ४०.१ टक्क्यांवर पोहोचला.

हे राष्ट्रीय आकडे एवढे मोठे आहेत की त्यांतून विषमता कशी घडते, हे कळत नाही. ते कळायचे तर एखादा जिल्हा जवळून पाहावा लागतो, आणि त्यासाठी कोल्हापूरइतका बोलका जिल्हा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. बारा तालुक्यांच्या आणि २०११ च्या जनगणनेनुसार ३८ लाख ७६ हजार लोकवस्तीच्या या जिल्ह्यात साखर, ओतीव लोखंडी सुटे भाग, यंत्रमागाचे कापड, हुपरीचे चांदीचे दागिने आणि कातडी चपला असा माल तयार होतो, आणि त्यातील बराचसा कोठे ना कोठे जागतिक व्यापाराशी बांधलेला आहे. जिल्हा गरीब नाही. राज्यातील संपन्न जिल्ह्यांत त्याची गणना होते. तरीही एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना राहणाऱ्या, सारख्याच कष्टाळू माणसांच्या वाट्याला या संपन्नतेचा इतका वेगवेगळा हिस्सा का येतो, या प्रश्नाचे उत्तर कष्टाच्या किंवा कौशल्याच्या फरकात सापडत नाही. ते सापडते मालाचा भाव ठरवण्याच्या अधिकारात: ज्या उत्पादकांनी संघटित होऊन हा अधिकार थोडाफार मिळवला त्यांना वाढीचा वाटा मिळाला, आणि ज्यांच्या मालाचा किंवा श्रमाचा भाव दुसऱ्यानेच ठरवला, ते वाढीच्या ऐन मध्यावर राहूनही तिच्याबाहेरच राहिले.

या संपन्नतेचा पाया संस्थानी काळात घातला गेला. छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १८९५ मध्ये शाहूपुरी ही गुळाची बाजारपेठ वसली, १९०६ मध्ये शाहू मिलची उभारणी सुरू झाली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत भोगावती नदीवर राधानगरी धरणाचे काम हाती घेण्यात आले, जे पुढे स्वातंत्र्योत्तर काळात पूर्णत्वास गेले. परंतु त्याच कारकिर्दीत २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांतील ५० टक्के जागा राखून ठेवणारा आदेश निघाला, निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय झाला. बाजारपेठ, गिरणी आणि धरण ही उत्पन्न वाढवणारी साधने. नोकरी, वसतिगृह आणि शाळा ही त्या उत्पन्नापर्यंत माणसांना पोहोचवणारी साधने. दोन्ही एकाच वेळी हवीत, ही जाण त्या राज्यकारभारात होती, आणि आजच्या विकासचर्चेत ती तितक्या ठसठशीतपणे आढळत नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

कोल्हापूरच्या ग्रामीण भागाचे रूप खऱ्या अर्थाने बदलले ते उसाने. १९५० मध्ये प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचा आदर्श पुढे ठेवून रत्नाप्पाण्णा कुंभार यांनी पंचगंगा कारखाना, तर तात्यासाहेब कोरे यांनी वारणा कारखाना उभारला, आणि भोगावती, कुंभी-कासारी, बिद्री, शिरोळचा दत्त, कागलचा शाहू असे कारखाने पुढच्या काळात उभे राहिले. सहकारी कारखान्यात ऊस घालणारा शेतकरी हाच भागधारक असतो आणि भाग कितीही असले तरी प्रत्येक सभासदाला एकच मत असते. त्यामुळे साखर विकून आलेल्या पैशातला वाटा मागण्याचा हक्क एक-दोन एकरवाल्या शेतकऱ्यालाही मिळाला. नदीवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, म्हणजे पावसाळ्यात फळ्या काढून पुराला वाट देणारे आणि पावसाळा संपताच फळ्या घालून पाणी अडवणारे कमी उंचीचे बंधारे, तसेच सहकारी पाणीपुरवठा संस्थांनी चढावरच्या शेतापर्यंत नेलेले पाणी यांमुळे हा ऊस लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात आला. गावोगावची पक्की घरे, दूध संस्था, हायस्कुले आणि शहरात शिकायला गेलेली मुले हे सारे या उसाच्या बिलावर उभे आहे.

या बिलाचे गणित समजून घेण्यासारखे आहे. केंद्र सरकार दर हंगामासाठी उसाचा ‘रास्त व किफायतशीर दर’ ठरवते; सर्वत्र तो एफआरपी या नावाने ओळखला जातो. १०० किलो उसापासून जितके किलो साखर निघते, त्या प्रमाणाला साखर उतारा म्हणतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आणि त्यापुढे उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे जादा, असा हा दर ठरला. कोल्हापूरची जमीन व हवामान उसाला मानवणारे असल्याने येथील उतारा देशातील चांगल्या उताऱ्यांपैकी आहे, तो १२.५ टक्के धरला तर हिशेबाने टनामागे सुमारे ४,३२८ रुपये होतात, आणि त्यातून तोडणी व वाहतुकीचा खर्च वजा होऊन उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर जमा होते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, नाहीतर १५ टक्के व्याज द्यावे लागते.

कागदावरचा हा नियम शेतकऱ्याच्या हातात पडावा म्हणून कोल्हापूरने जितका संघर्ष केला, तितका क्वचितच कोणत्या जिल्ह्याने केला असेल. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेतून पुढे आलेल्या राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद जयसिंगपुरात भरते, तीत त्या हंगामाच्या दराची मागणी जाहीर होते आणि मागणी मान्य होईपर्यंत उसाची वाहने अडवली जातात. २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा कारखान्यांना दिली, तेव्हा ‘एकरकमी एफआरपी’ ही मागणी न्यायालयापर्यंत गेली आणि २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. या चळवळीच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात, कारखानदारीतून निर्माण झालेल्या घराणेशाहीविषयी तर असलेच पाहिजेत. परंतु कृषिमालाच्या उत्पादकाने आपल्या मालाच्या भावाविषयी तोंड उघडावे आणि त्याचे म्हणणे ऐकून घेणे समोरच्याला भाग पडावे, ही गोष्ट कांदा, सोयाबीन किंवा कापूस पिकवणाऱ्याच्या वाट्याला अजून आलेली नाही.

अर्थात हा अधिकारही कुंपणाच्या आतलाच आहे, कारण कुंपणाबाहेर साखरेचा जागतिक बाजार आहे आणि तेथे कोल्हापूरच्या शेतकऱ्याचे काही चालत नाही. ब्राझीलमध्ये पाऊस कमी झाला की जगात साखर महागते आणि तेथे पीक उदंड आले की ती कोसळते. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या देशांनी भारताच्या ऊसदर व निर्यात अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तेथील तंटा निवारण पॅनेलने भारताच्या विरोधात निष्कर्ष दिला. उलट जेव्हा जगात साखरेला चांगला भाव आला, तेव्हा देशातील महागाईला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने जून २०२२ पासून निर्यातीवर निर्बंध घातले. कारखान्याने साखर ज्याखाली विकू नये असा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि पुढे अनेक वर्षे तेथेच थांबला, तर एफआरपी याच काळात टनामागे २,७५० रुपयांवरून, तीही १० टक्के उताऱ्याला, ३,५५० रुपयांपर्यंत वाढत गेली. या दोहोंमधील ओढाताणीत कारखाने कर्जाला टेकतात आणि बिले थकतात. साखरेचा मोठा भाग घरगुती ग्राहक नव्हे, तर शीतपेये, मिठाई आणि बिस्किटे बनवणारे उद्योग खरेदी करतात, हे लक्षात घेतले म्हणजे स्वस्त साखरेचा लाभ कोणाला होतो, हेही उघड होते.

तोडणीचा खर्च उसाच्या बिलातून वजा होतो, असे वर म्हटले. ‘तोडणी’ या एका शब्दाआड हजारो माणसे उभी आहेत. बीड, अहिल्यानगर आणि शेजारच्या जिल्ह्यांतून, तसेच कर्नाटकातून दर वर्षी पावसाळा संपताच ऊसतोड मजूर कोल्हापुरात येतात. त्यांची गणना माणसांत होत नाही, ‘कोयत्यां’त होते: नवरा आणि बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली ‘उचल’, म्हणजे पुढच्या मजुरीवर घेतलेली आगाऊ रक्कम, फिटेपर्यंत हा कोयता त्या मुकादमाचा बांधील असतो, आणि ती एका हंगामात फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. कारखान्याच्या आवारात किंवा फडाच्या कडेला पाचट आणि प्लॅस्टिकच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटे अंधारात तोडणी सुरू होते, बाई मोळ्या बांधून डोक्यावरून वाहनापर्यंत नेते, आणि संध्याकाळी उसाची वाढे जनावरांच्या वैरणीसाठी विकून तेलमिठाचे पैसे उभे करते. मजुरी टनावर असल्याने आजारपण, बाळंतपण किंवा मासिक पाळी यांपैकी कशाचीही भरपगारी सुटी संभवत नाही; काम चुकले तर मजुरी बुडते आणि खाडा कापला जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात पोहोचला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, तेव्हा कुठे साखरेच्या गोडीमागची ही किंमत राज्याच्या नजरेस आली. राज्य सरकारने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन केले, आणि जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला, ही पावले योग्य दिशेची असली तरी उचल आणि मुकादम ही चौकट तशीच कायम आहे.

या ठिकाणी एक वास्तव कोल्हापूरच्या वाचकाला अस्वस्थ करणारे आहे. कारखान्याकडून रास्त दर मिळावा म्हणून रस्त्यावर उतरणारा शेतकरी आणि त्याच्याच फडात राबणारा मजूर यांच्यात हंगामभर ‘खुशाली’वरून घासाघीस चालते; लवकर तोड मिळावी म्हणून मजुराला वर द्यावी लागणारी ही रक्कम, आणि वाहनचालकाला द्यावी लागणारी ‘एंट्री’, शेतकऱ्याला लूट वाटते. तिचा त्याला होणारा जाच खरा आहे. पण मजुराच्या बाजूने पाहिले तर ज्याला दर ठरवण्याच्या बैठकीत खुर्ची नाही, तो अडवणुकीच्या वेळी जे मिळेल ते पदरात पाडून घेतो. शेतकऱ्याने परिषद भरवून जे मिळवले, ते मजूर बांधावर उभे राहून मिळवू पाहतो. जिल्ह्याच्या सर्वांत यशस्वी सहकारी व्यवस्थेत तोडणी करणाऱ्याला सभासदत्व नाही, ही तिची मूळ उणीव होय.

उसाच्या पाण्याचाही असाच एक दुसरा काठ आहे. धरणे पश्चिमेकडे, राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी या सह्याद्रीच्या कुशीतल्या तालुक्यांत. भिजणारी शेती पुष्कळशी पूर्वेकडे, करवीर, हातकणंगले, कागल, शिरोळ येथे. डोंगरी तालुक्यांतील गावांनी जमिनी धरणांखाली घातल्या, अभयारण्याच्या हद्दींमुळे चराई आणि जळणावर बंधने सोसली, आणि राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत गणना होणाऱ्या गगनबावड्याच्या वाड्यावस्त्यांवर उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट केली. या पट्ट्यातील अनेक पिढ्यांनी मुंबईच्या कापड गिरण्यांची वाट धरली होती. १९८२ च्या गिरणी संपानंतर तो मार्गही बंद झाला. जिल्ह्याच्या सरासरीत मात्र शिरोळचा मळा आणि गगनबावड्याचा धनगरवाडा एकाच बेरजेत येतात.

कोल्हापूरच्या कारखानदारीचा उगमही पाण्यातच आहे. नदीचे पाणी उचलण्यासाठी शेतकऱ्याला ऑइल इंजिन हवे होते, आणि म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या, कागदी पदवीपेक्षा हाताच्या कसबावर भिस्त असलेल्या कारागीर उद्योजकांनी उद्यमनगरात इंजिने व त्यांचे सुटे भाग तयार करून दाखवले. इंजिनाला ओतीव भाग लागतात, म्हणून फाउंड्र्या, म्हणजे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतणारे कारखाने, निघाल्या; पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींत त्यांचा विस्तार झाला. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर देशात मोटारगाड्यांच्या कंपन्या वाढल्या, तशा या फाउंड्र्या शेतकऱ्याच्या इंजिनाऐवजी मोटार व ट्रॅक्टर कंपन्यांसाठी काम करू लागल्या आणि काहींचा माल युरोप-अमेरिकेत जाऊ लागला.

येथे जागतिक मूल्यसाखळी ही संकल्पना समजून घेणे उपयोगाचे ठरेल. एखादी वस्तू कच्च्या मालापासून ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत अनेक देशांतील अनेक हातांतून जाते, प्रत्येक हात तीत काही मोलाची भर घालतो. परंतु घातलेली भर आणि मिळणारा मोबदला यांचे प्रमाण प्रत्येक टप्प्यावर सारखे नसते. ज्या कंपनीकडे नाममुद्रा, आराखडा आणि ग्राहक आहे, ती सर्वांत मोठा हिस्सा घेते. जी केवळ सांगितल्याबरहुकूम माल बनवून देते, ती किलोवर भाव घेते. कोल्हापूरची फाउंड्री या दुसऱ्या गटात मोडते. बडा खरेदीदार सुधारणेच्या नावाखाली भाव खाली आणण्याची मागणी करतो, वीज आणि भंगार लोखंड महाग झाले तरी दरवाढ उशिरा देतो, आणि मंदी आली, जशी २००८ नंतर आली, तर मागणीच थांबवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लादले, तेव्हा निर्यातीवर अवलंबून असलेल्या उद्योगांना या परावलंबनाची पुन्हा एकदा जाणीव झाली. कारखानदार हा ताण आपल्यापुरता ठेवत नाही, ठेवूही शकत नाही. तो कंत्राटी कामगाराकडे सरकवतो. साचे घालणे, भट्टीपाशी उभे राहणे आणि ओतीव भागांवरची खर घासून काढणे ही उष्णतेची आणि धुळीची कामे आता बहुतांशी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेले तरुण करतात, ज्यांचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर नसून ठेकेदाराच्या वहीत असते.

इचलकरंजीची गोष्ट याच सूत्राची, म्हणून थोडक्यात सांगता येते. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी या धंद्याला आश्रय दिला आणि गावाला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणण्यापर्यंत मजल गेली. आज तेथील पुष्कळ साधे मागवाले ‘खर्चीवाले’ आहेत: सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, आणि मागवाल्याला मिळते ती केवळ विणण्याची मजुरी, जी ‘पीक’ म्हणजे कापडातील आडव्या धाग्याच्या हिशेबाने पैशांत मोजली जाते. मागाचा मालक आणि त्यावर काम करणारा कामगार यांच्यातील भांडण मोठ्या आवाजात ऐकू येते. पण त्या दोघांच्या वर बसलेला, सुताचा आणि कापडाचा भाव ठरवणारा, त्या भांडणात दिसतच नाही. १९९९ पासूनच्या तंत्रज्ञान सुधारणा योजनेतून परदेशी बनावटीचे धोटाविरहित माग अनुदानावर आले, तेही ज्याच्याकडे तारण ठेवायला काही होते त्याच्याकडेच.

चपलेचे उदाहरण सर्वांत शेवटी घेण्याचे कारण, त्यात हे सगळे धागे एकत्र येतात आणि जातीचा जुना धागाही त्यांना जोडलेला आहे. कोल्हापुरी चप्पल ही अवघड वस्तू आहे. कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावले जाते, त्यामुळे ते ताठ, चिवट होते आणि पायाच्या घामाने लगेच सडत नाही. तळ आणि टाच कापून, ठोकून एकजीव केल्यावर चामड्याच्याच बारीक वादीने शिवतात, खिळा वापरत नाहीत. दोन्ही बाजूंचे कान, अंगठा, वरचा पट्टा आणि त्यावरची वेणी हे भाग वेगवेगळे तयार करून बसवतात. कापणी पुरुष करतो, तर वेणी घालणे आणि शिवण हे घरातील बायकांचे काम, आणि त्यांचा मोबदला कारागिराच्याच मजुरीत धरलेला असल्याने तो वेगळा कोठेच नोंदला जात नाही. बलुतेदारीत कातडे कमावणारा ढोर समाज आणि जोडे शिवणारा चर्मकार समाज यांना वर्षाकाठी खळ्यावर धान्य मिळे. वस्तूला भाव नव्हता, माणसाला पायरी होती. बाजार आला तेव्हा ही पायरी पुसली जाईल, अशी अपेक्षा होती, आणि ती काही अंशी पुसलीही गेली, पण कारागीर आणि ग्राहक यांच्यामध्ये दुकानदार आला, ज्याच्याकडे भांडवल व मोक्याची जागा होती. कारागिराला कातड्यासाठी उसनवारी करावी लागते, आणि ज्याच्याकडून उसने घ्यायचे त्यालाच माल द्यायचा असल्याने भावाची बोलणी सुरू होण्याआधीच संपतात. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीच्या कायद्याने बैलाच्या कातड्याचा स्थानिक पुरवठा आटला, त्यामुळे या उसनवारीत भरच पडली.

जुलै २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. १९९९ च्या कायद्यानुसार दिले जाणारे हे मानांकन म्हणजे विशिष्ट प्रदेशातील वैशिष्ट्यपूर्ण मालाच्या नावावर त्या प्रदेशाचा सामूहिक हक्क. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांबाहेर बनलेल्या चपलेला आता ‘कोल्हापुरी’ म्हणता येत नाही. सीमाप्रश्नावरून दोन राज्ये भांडत असताना बेळगाव जिल्ह्यातील अथणीच्या आणि कोल्हापूरच्या कारागिरांचा हक्क एकाच नोंदणीत यावा, ही समाधानाची बाब आहे. नोंदणीचे मालक मात्र दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे आहेत. महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे बाबू जगजीवन राम यांच्या नावाचे महामंडळ. कारागिराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंद करून घ्यावी लागते.

जून २०२५ मध्ये मिलान येथील फॅशन प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीशी हुबेहूब जुळणारी पादत्राणे दाखवली, आणि त्यांचे वर्णन केवळ चामडी सँडल असे केले. संताप उसळला तेव्हा महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने लिहिलेल्या पत्राला उत्तर देताना कंपनीने प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे मान्य केले. उच्च न्यायालयातील जनहित याचिका मात्र जुलैमध्ये फेटाळली गेली. या प्रकरणाने मानांकनाची मर्यादा स्पष्ट झाली. मानांकन नावाचे रक्षण करते, आकाराचे नाही. ज्याने आकार घेतला आणि नाव सोडून दिले, त्याला हा कायदा अडवू शकत नाही, आणि शिवाय भारतातील नोंदणी इटलीत आपोआप लागू होत नाही. कोल्हापूरला नावाचा अभिमान होता, पण जागतिक बाजाराला नावाची गरजच पडली नाही, कारण त्याच्याकडे स्वतःचे, कैकपट महाग विकले जाणारे नाव होते.

पुढे डिसेंबर २०२५ मध्ये प्राडा आणि ही दोन महामंडळे यांच्यात करार होऊन महाराष्ट्र व कर्नाटकातील कारागिरांकडून २,००० जोड बनवून घेण्याचे, सुमारे ८०० युरोला एक जोड या भावाने ते फेब्रुवारी २०२६ पासून जगभर विकण्याचे आणि कारागिरांना प्रशिक्षण देण्याचे ठरले. एवढ्या जोडांची विक्रीची एकूण किंमत सुमारे १६ लाख युरो होते. चोरीचा आरोप ज्या कंपनीवर झाला, तिनेच कोल्हापूरला निर्माता म्हणून मान द्यावा, हे लहान यश नव्हे, आणि ते लोकांच्या संतापाने मिळवले आहे. तरीही उसाच्या बाबतीत जे प्रश्न शेतकऱ्याने विचारायला शिकवले, तेच येथे विचारायला हवेत: या १६ लाखांपैकी जोड बनवणाऱ्याला जोडामागे किती मिळणार, कातड्याचे पैसे आगाऊ कोण देणार, नापास ठरलेल्या जोडाचे नुकसान कोणी सोसायचे, आणि वेणी घालणाऱ्या बाईची मजुरी तिच्या नावावर जमा होणार की नाही. उसाला एफआरपी आहे, चपलेला नाही. आणि या कराराच्या एका बाजूला कंपनी, दुसऱ्या बाजूला दोन सरकारी महामंडळे आहेत, चपला शिवणाऱ्यांची स्वतःची, सभासदांच्या मतावर चालणारी संस्था त्यात सही करणारा पक्ष म्हणून नाही. अशी उत्पादक संस्था कोल्हापूरच्या सुभाषनगरातील किंवा कापशी गावातील चप्पल कारागिरांनी उभी करणे, तिला जिल्हा बँकेने कातड्यासाठी खेळते भांडवल देणे, आणि जोडामागचा दर त्या संस्थेच्या संमतीवाचून ठरू नये अशी अट पुढच्या करारात घालून घेणे, हे काम ज्या जिल्ह्याने अनेक सहकारी साखर कारखाने उभे केले त्याला अनोळखी नाही. आणि तोडणी कामगारांच्या बाबतीत राहून गेलेली सभासदत्वाची तरतूद या संस्थेच्या पोटनियमांत, घरात बसून शिवण करणाऱ्या बायकांसह, पहिल्या दिवसापासून लिहून ठेवता येईल.